अपूर्वा – रोजचं

बाबांची पत्रं मीच पुसली. चोर आला नाही, आग लागली नाही, दहिसरची नदी खोलीत शिरली नाही. मालाडच्या ऑफिसात आठ वर्षं लोकांचे सर्व्हर सांभाळणाऱ्या मी, स्वतःच्या हाताने, नीट लक्ष देऊन, तीन वेळा पुसली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पाच वर्षांपूर्वी घशाच्या ऑपरेशनमध्ये बाबांचा आवाज गेला. घरात आईशी बोलायला त्यांनी पाटी घेतली. मी बोरिवलीला, ते दहिसरच्या चाळीत, म्हणजे फोन बंदच. व्हॉट्सअ‍ॅप घ्या म्हटलं तर पाटीवर लिहिलं, "त्यात पत्र होत नाही." बाबा वीस वर्षं गावच्या मंडळाचे चिटणीस होते. वर 'श्री' आणि उजव्या कोपऱ्यात तारीख नसेल तर त्यांच्या लेखी ते पत्रच नव्हे. मेल चालेल म्हणाले, पण तो आपल्या घरातला हवा. चाळीत जिन्याखाली एकच पत्रपेटी होती. गावाहून आलेलं पोस्टकार्ड आधी चाळभर वाचलं जायचं आणि मग आमच्या दारात यायचं. त्याचा राग त्यांनी तीस वर्षं सांभाळून ठेवला होता.

मग मी एक अख्खा रविवार घालवून दहिसरच्या खोलीत जुन्या कॉम्प्युटरवर आमच्या घराचा मेल सर्व्हर उभा केला. आमच्या दोघांच्या दोन पेट्या, ब्राउझरमध्ये उघडणारं एक साधं पान आणि त्यामागे डेटाबेस. त्या डेटाबेसने मला रडवलं. कधी पासवर्ड चुकायचा, कधी मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं यायची. बाकीचं सगळं एका पानावरून बघून झरझर उरकलं. पुढे माझ्या डोक्यात तेवढंच राहिलं, की जे काही आहे ते डेटाबेसमध्ये आहे.

कॉम्प्युटर टेबलाखाली घुरघुरत राहिला आणि बाबा टेबलाशी बसून लिहीत राहिले. दर रविवारी लांबलचक पत्र. गिरणीतली पहिली पाळी, गावच्या घरावरची कौलं कुणी कुणी चढवली, आईला बघायला गेले तेव्हा तिने चहात साखरेऐवजी मीठ कसं घातलं. बोलता येत होतं तेव्हा या माणसाने मला यातलं काही सांगितलं नव्हतं. मी ती पत्रं घाईत वाचायचे. सवडीने पुन्हा वाचू म्हणून ठेवून द्यायचे. सवड तर माझ्याकडे ढीगभर पडली होती!

याशिवाय रोज दुपारी साडेबाराला मी मेलवर विचारायचे, "बाबा, जेवलात का?" त्यांचं उत्तर यायचं. मी "ओके" लिहायचे आणि कामाला लागायचे.

बाबांना जाऊन आता वर्ष होत आलं. चाळ पाडून टॉवर होणार म्हणून खोली रिकामी करायची होती. आईला मी माझ्याकडे आणलं. बाबांची पाटीही तिने पिशवीत घालून आणली. येताना रिक्षात म्हणाली, "वर्षश्राद्धाला मला त्यांची पत्रं वाचून दाखवशील? मी शेजारी लसूण सोलत बसायचे, पण कधी डोकावले नाही. दुसऱ्याचं पत्र वाचायचं नाही, हा त्यांचा नियम. पाटीवरचं तर पुसत गेले. म्हटलं, तुला लिहिलेलं तरी राहिलं असेल."

"सगळंच्या सगळं आहे," मी म्हटलं. "छापून देते तुला. पुस्तक होईल."

नवा छोटा सर्व्हर मी आधीच घेऊन ठेवला होता. जुन्यावरून डेटाबेस काढून घेतला, तो दोन ठिकाणी जपून ठेवला, उघडून तपासलासुद्धा. मग जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायचा ठरला. बाबांनी मागे एकदा बजावलं होतं, की हा कधी टाकलास तर आधी आतलं पुसून टाक, कुणाच्या हाती लागायला नको. मी डिस्क तीनदा पुसली आणि वर भंगारवाल्यासमोर हातोड्याने ठोकलीसुद्धा. बाबांचा शब्द पाळला म्हणून त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं.

श्राद्ध मंगळवारी होतं. रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, मी नवा सर्व्हर चालू केला. डेटाबेस जोडला. पान उघडलं. बाबांच्या नावाने आत गेले. वर झळकलं, काशीराम. पत्त्यांच्या वहीत सगळी माणसं जागच्या जागी होती. पेटीत पत्रं शून्य. पाठवलेली शून्य. माझी पेटी उघडली. तीही शून्य.

मी ऑफिसातल्या सिद्धेशला फोन लावला. आमच्याकडे मेलचं काम तो बघतो.

"पत्रं डेटाबेसमध्ये नसतात गं," तो म्हणाला. "ती वेगळी, डिस्कवर फोल्डरमध्ये पडतात. डेटाबेसमध्ये नुसते पत्ते, सही, सेटिंग, असलं किरकोळ. जुनी डिस्क आहे ना?"

"पुसली. तीनदा."

"तीनदा?" तो म्हणाला. "मग वाट लागली, यार. आणि तुला हे माहीत नव्हतं?"

मी त्याच्यावर उगाचच खेकसले आणि फोन ठेवला. खरं तर मला स्वतःच्या थोबाडीत मारायची होती. रागही येत होता आणि रडूही येत होतं, आणि आतल्या खोलीतून आईचा आवाज, "झालं का गं चालू?"

दुधाची तहान ताकावर म्हणून मी जे उरलं होतं ते चाळत बसले. पत्ते. सही. मग सेटिंगमध्ये एक खाना दिसला, तयार उत्तरांचा. पुन्हा पुन्हा तेच लिहावं लागू नये म्हणून मजकूर एकदाच लिहून ठेवायची ती सोय. आत एकच नोंद होती. तिचं नाव 'अपूर्वा – रोजचं'. उघडली.

"श्री. चि. अपूर्वास अनेक आशीर्वाद. मी बरा आहे. जेवलो. औषध घेतलं. तू कामं टाकून येऊ नकोस. — बाबा."

हे पत्र मला पाठ होतं. शेवटचे दोन महिने रोज हेच आलं होतं, शब्दाला शब्द. मला ते कळलं होतं. कळून मी वैतागले होते, की बाबांना आता लिहायचाही कंटाळा येतो. आणि वर तारीख नाही, हे मला एकदाही खटकलं नाही. बाबांच्या पत्रावर तारीख नाही! ज्या गुरुवारी त्यांना हॉस्पिटलात नेलं त्या दुपारीही हे आलं, आणि मी "ओके" लिहून मीटिंगला गेले.

आई दारात येऊन उभी होती. मी तिला सगळं सांगितलं. पत्रं गेली, मीच घालवली, उरलं ते हे एवढंच. ओरड मला, म्हटलं.

ती ओरडली नाही. चष्मा लावून स्क्रीनजवळ आली आणि ते नाव वाचलं. आई एरवी मुंबईचंच बोलते, पण मन हललं की मालवणी येते.

"ह्यां माका ठाऊक आसा गो," ती म्हणाली. "बोटं वळत नव्हती त्यांची. एका सकाळी बसून कसंबसं एवढं लिहिलं, मला वाचायला लावलं आणि पाटीवर सांगितलं, पोरीचं पत्र आलं की हे दाबायचं, मग ते दाबायचं. मीच दाबत होते."

"आणि जेवत होते का ते?"

"नाय." तिने पदर तोंडाला लावला. "शेवटचे दहा-बारा दिवस पेजसुद्धा उतरत नव्हती. मी म्हटलं, मी नाही असलं खोटं पाठवणार. तर हात जोडले माझ्यासमोर. काय करू?"

दोघी रडलो. मग डोळे पुसून तिने विचारलं, "अजून जातं काय ता?"

मला नको म्हणायचं होतं. पण त्या पत्रांतलं तिच्यासाठी एवढंच उरलं होतं, तेही मी कसं नाकारू? मी माझ्या पेटीतून लिहिलं, "बाबा, जेवलात का?" ते बाबांच्या पेटीत पडलं. आईने ते उघडलं. एक बोट लांब करून, न चुकता, आधी हे दाबलं, मग ते.

माझ्या रिकाम्या पेटीत एक पत्र आलं. मी बरा आहे. जेवलो.

मी मोठ्याने वाचून दाखवलं. आईने आमच्या घरातलं पहिलंच पत्र ऐकावं तसं ते शेवटपर्यंत ऐकलं. "आता तुझं पाठव," ती म्हणाली. "तू काहीतरी लिहायचीस ना उलट? ते त्याची वाट बघत बसायचे."

मी लिहिलं, "बाबा, खोटं लिहू नका. मी निघाले, अर्ध्या तासात पोचते."

आणि पाठवलं.