मधला रुमाल

रत्नप्रभाला स्वतःला पोहता येत नव्हतं. महिला मंडळाच्या ‘पाण्यापाशी सावध’ वर्गात नववीच्या पोरांना तिने हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. “म्हणूनच शिकवते. पोहणारे बुडतात रे, भित्रे घरी जेवायला पोचतात.”

त्या रविवारी, संध्याकाळचा टीव्हीवरचा पिक्चर बुडू नये म्हणून सकाळीच, ती पोरांना बोरीवलीहून होडीने गोराईच्या किनाऱ्यावर घेऊन आली. कुणी बुडायला लागलं तर उडी टाकायची नाही. मनगटाला मनगट धरून साखळी करायची, शेवटच्याने वाळूत पाय रोवायचे. जयवंतला बुडणारा म्हणून गुडघाभर पाण्यात उभा केला. साखळी लागली आणि मुली संपून मुलगे सुरू होतात तिथेच अडली.

सुलक्षणाने चंद्रप्रकाशपुढे रुमालाचं टोक धरलं होतं.

“हे काय गं?”

“बाई, हात नाही धरणार मी. ही शकु चाळभर सांगत सुटेल.”

“मी कशाला सांगू? सगळ्यांना दिसतंयच ना!” शकु म्हणाली. पोरं फिदीफिदी हसली. चंद्रप्रकाशचे कान लाल.

“अगं, जीव काय रुमालाला लटकवणार…” बोलता बोलता रत्नप्रभाने पाण्याकडे पाहिलं.

जयवंत जागेवर नव्हता. ओहोटीने त्याला पार आत ओढलं होतं. डोकं दिसलं, गेलं, पुन्हा दिसलं. तोंड उघडं, आवाज नाही.

“मनगटं धरा! चला आत!”

साखळी पाण्यात शिरली. शेवटी रत्नप्रभा, साडी पायांत गुंडाळलेली, हातात शकुचं मनगट. परक्यांची पोरं समुद्रावर आणायची कुठली अवदसा आठवली मला? आता कुणाकुणाच्या आईला तोंड दाखवू? पायाखालची वाळू सरकत होती. पलीकडच्या टोकाच्या राजारामला जयवंतने गळामिठी घातली, सगळी ओळ हिसकली, आणि मधला ओला रुमाल सुळकन निसटला.

मुलग्यांची अर्धी साखळी जयवंतसकट वाहायला लागली.

“सुलक्षणे! धर गं त्याला! तुझ्या आईला मी बघते, तू धर!”

सुलक्षणाने अंग झोकून दिलं. बांगड्या फुटल्या. चंद्रप्रकाशचं मनगट तिने दोन बोटांत, मग मुठीत पकडलं.

“मागे! मागे या! सोडू नका रे, पाया पडते तुमच्या!”

एक पाऊल मागे, लाट परतली की दोन पुढे. शकु रडत होती, तरी ओढत होती. शेवटी कुणाच्या तरी ढोपराला कोरडी वाळू लागली. जयवंत कुशीवर पडून भडाभडा खारं पाणी ओकला आणि “आई गं” म्हणाला.

किनाऱ्यावरची माणसं धावत येत होती. त्यांच्याकडे बघत सुलक्षणाने हळूच विचारलं, “बाई, आता सोडू?”

तिच्या हातातून रक्त येत होतं. रत्नप्रभाने शकुचं मनगट सोडायचा प्रयत्न केला. बोटं उघडेनात.

“नको,” ती म्हणाली. “एवढ्यात नको.”