दुपारचं बटण

तोतारामनानांनी बशीतला चहा फुर्रकन ओढला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "भाऊ, तुमच्या कॉम्प्युटरची काही काळजी करू नका. पोटच्या पोरासारखा जपतो मी त्याला. दुपारचं ऊन चढलं की ते टर्बोचं बटण बंदच करून टाकतो. जरा दम खाऊ द्यावा ना बिचाऱ्याला!"

वाल्मीकच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर हातातच राहिला.

तोताराम हा धुळ्यापलीकडच्या नरडाण्याच्या रतिलाल शेठच्या कारखान्यातला फिटर. तेलाच्या डब्यांची झाकणं तिथं ठोकतात. सकाळच्या गाडीने तो बेअरिंगं घ्यायला जळगावला आला होता, आणि जळगावला येऊन वाल्मीकच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातला चहा न पिता परत जाणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. माणूस सोन्यासारखा. चौऱ्याण्णव सालचा मे, जळगावचं ऊन, सांगायलाच नको. विहिरीवरची मोटर दुपारी बंद ठेवायची, बैल दुपारी सावलीला बांधायचे, मग कॉम्प्युटरनेच काय घोडं मारलंय? टर्बो चालू म्हणजे पळणं, टर्बो बंद म्हणजे चालणं, एवढं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. आणि तेवढं खरंही होतं.

"रोज बंद करता?" वाल्मीकने विचारलं.

"रोज म्हणजे रोज! एप्रिल लागल्यापासून एक दिवस चुकलो नाही."

"आणि अक्का कशी आहे?"

"अक्का तर राणी झाली, भाऊ! चिमटा दिला फेकून. हातानेच पत्रा ठेवते, हातानेच झाकण काढते. तुमचं नाव घेऊन सगळ्यांना सांगते, माझ्या भावाचं मशीन आहे. तिचं बघून बाकीच्या बायांनीही चिमटे टाकले. शेठ तर जाम खूश."

वाल्मीकने स्क्रू-ड्रायव्हर टेबलावर टाकला आणि तो खुर्चीतून उठला.

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर एवढं घाबरायला काय झालं ते कळायचं नाही. प्रेस म्हणजे वर लोखंडाचा ठोकळा आणि खाली साचा. साच्यावर पत्रा ठेवायचा, हात बाहेर काढायचा आणि पायाने पायडल दाबायचं. ठोकळा धाडकन खाली येतो, झाकण तयार. पण हात निघायच्या आधी पाय पडला तर? जीवराम नावाच्या कामगाराची तीन बोटं त्या साच्यात गेली होती. तेव्हापासून पत्रा लांब चिमट्याने ठेवायचा नियम झाला. आणि त्या प्रेसवर आता बसत होती द्रौपदाबाई. सगळा कारखाना तिला अक्का म्हणायचा, पण खरी अक्का ती वाल्मीकची, सख्खी थोरली बहीण.

वाल्मीकने स्वतःहून शेठला गाठलं होतं. प्रत्येक प्रेसच्या साच्याच्या तोंडाशी प्रकाशाचा एक डोळा बसवतो म्हणाला, सगळे एकाच कॉम्प्युटरला जोडून. हात आत असला की डोळा झाकला जाईल, कॉम्प्युटर ब्रेक मारेल आणि ठोकळा वरच्या वर थांबेल. सगळा खेळ वेळेचा होता. कॉम्प्युटरचं स्वतःचं घड्याळ सेकंदाला अठराच ठोके देतं. दोन ठोक्यांच्या मधे ठोकळा बराच खाली आलेला असतो, मग त्या घड्याळाने काय डोंबल मोजणार? म्हणून वाल्मीकने सी भाषेत वेळ मोजायची स्वतःची फंक्शनं लिहिली, त्यांची लायब्ररी बांधली. सकाळी प्रोग्राम सुरू झाला की तो घड्याळाच्या एका ठोक्यात आपण कुठवर मोजू शकतो ते बघून घ्यायचा, आणि मग दिवसभर त्या मोजणीवरच वेळ ठरवायचा. डोळ्यापुढून माशी गेली तरी मशीन थांबू नये, म्हणून डोळा झाकला गेला की प्रोग्राम थोडं मोजायचा, पुन्हा बघायचा, आणि अजून झाकलेला असेल तरच ब्रेक मारायचा. वाल्मीकने ती फंक्शनं हजार हजार वेळा चालवून आकडे काढले. साच्यात कच्ची केळी ठेवून पायडल दाबलं. एका केळ्याला ओरखडा आला असेल तर शपथ! मग त्याने छाती फुगवून शेठला सांगितलं, की आता चिमटा नसला तरी चालेल.

फक्त ती सगळी परीक्षा त्याने महाशिवरात्रीच्या सुमाराला घेतली होती. थंडीत. टर्बो चालू असताना.

"नाना, जरा थांबा," तो म्हणाला. दुकानातल्या त्याच्या कॉम्प्युटरवर तोच प्रोग्राम होता, तसाच एक डोळा जोडलेला होता आणि ब्रेकच्या जागी एक दिवा. त्याने प्रोग्राम सुरू केला, डोळ्यापुढे पुठ्ठा धरला. दिवा तत्काळ लागला. पडद्यावर वेळेचा आकडा आला. मग त्याने टर्बोचं बटण बंद केलं आणि पुन्हा पुठ्ठा धरला. पडद्यावर आकडा तोच आला, अगदी तोच. दिवा मात्र उशिरा लागला. नुसत्या डोळ्यांना कळावा इतका उशिरा.

दमलेल्या माणसाने एक ते दहा सावकाश मोजावं आणि तरी दहाच झाले म्हणावं, तसं होत होतं. यंत्र चौपट वेळ घेत होतं आणि छातीठोकपणे सांगत होतं की काहीच बदललं नाही. नरडाण्याला कोणी दिवसभर पडद्याकडे बघत बसलं असतं तरी त्याला काही कळलं नसतं. रोज दुपारी दीड महिना अक्का त्या साच्यात हात घालत होती, आणि तिला सांभाळायला तिथं कोणीच नव्हतं. तिचा पाय एकदाही चुकला नाही म्हणून तिची बोटं शाबूत होती. बाकी काही नाही.

"फोन लावू या शेठला."

"फोन चार दिवस मेलेला आहे भाऊ. वावटळीत खांब पडला ना."

वाल्मीक धपकन खुर्चीत बसला. मग त्याला एकदम हायसं वाटलं. "पण नाना, आज तर तुम्ही इथं आहात! म्हणजे आज बटण कोण बंद करणार?"

तोतारामनानांचा चेहरा अभिमानाने फुलला. "असं कसं! कामात कसूर ठेवणारा माणूस नाही मी. अक्कालाच सांगून आलोय. म्हटलं, जेवणाची सुट्टी झाली की आठवणीने दाब. ती म्हणाली, मना भाऊचं मशीन शे, मी कशी विसरेन?"

भावाचं मशीन आहे, ती विसरणार नव्हती. अक्का कधी काही विसरलीच नव्हती. वाल्मीकने दुकानाचं शटर खाली ओढलं, कुलूप लावायचंही भान त्याला राहिलं नाही, आणि दोघं स्टँडकडे पळाले.

धुळ्याची गाडी मिळाली, पण गाडी म्हणावी की बैलगाडी! एरंडोलला दहा माणसं उतरली, वीस चढली. पारोळ्याला बाजाराचा दिवस. बायका टोपल्यांसकट दारात अडकल्या आणि कंडक्टर त्यांच्याशी हुज्जत घालत उभा राहिला. वाल्मीकने खिडकीचा गज इतका घट्ट धरला की तळहाताला गंज लागला. तोतारामनाना बेअरिंगांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. वाल्मीकने रस्त्यात त्यांना सगळं सांगितलं होतं.

"मला काय माहीत, भाऊ," शेवटी ते पुटपुटले. "गरम व्हायचं हो ते. हात लावला की चटका बसायचा."

"तुमची चूक नाही, नाना." खरंच नव्हती. कोणी तरी ते बटण दाबेल हे वाल्मीकच्या डोक्यातच आलं नव्हतं. इतके आकडे काढले, आणि इतकी साधी गोष्ट! त्याला स्वतःच्या मुस्काटात मारावंसं वाटलं. अक्का ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी परातीत थापायची नाही, दोन्ही हातांवर थापायची, या हातावरून त्या हातावर. ते हात सारखे त्याच्या डोळ्यापुढे येत होते. तो नजर फिरवायचा, खिडकीबाहेर बघायचा, आणि बाहेरही तेच दिसायचं.

धुळ्याला उतरले तेव्हा सूर्य डोक्यावर होता. शिरपूरकडे जाणारी एक जीप भरून निघतच होती. मागच्या फळीवर उभं राहून दोघं नरडाण्यापर्यंत गेले. उन्हाच्या झळांनी तोंड भाजत होतं. आता जेवणाची सुट्टी झाली असेल. आता बाया हात धुवत असतील. आता अक्का उठली असेल. वाल्मीकचं मन त्याला एकेक पाऊल दाखवत होतं.

कारखान्याच्या फाटकाशीच प्रेसचा आवाज कानावर आला. धाड. धाड. धाड. वाल्मीकच्या छातीत प्रत्येक धाडीसरशी धस्स व्हायचं आणि पुढची धाड ऐकू आली की बरं वाटायचं. प्रेस चालू आहे म्हणजे हात शाबूत आहे. तो पळत शेडमध्ये शिरला.

कॉम्प्युटरच्या पेटीवरचा टर्बोचा दिवा विझलेला होता.

अक्का स्टुलावर बसली होती. पत्र्याची धार लागू नये म्हणून बोटांना फडकं गुंडाळलेलं. तिच्याशेजारी शेवंताबाई नावाची नवी बाई उभी होती, घाबरट, चिमटा दोन्ही हातांनी छातीशी धरून. अक्काने वर पाहिलं आणि ती तोंडभर हसली.

"ऊना रे मना भाऊ!" भाऊ आल्याच्या आनंदात ती ओरडली. शेवंताबाईकडे वळली, सगळ्या मशीनकडे हात केला. "हाऊ देख, शेवंता, हाऊ मना भाऊ. यानीच करेल शे हाई बठ्ठं. तू उगीच घाबरस. देख आते, मशीन कसं थांबस ते!"

आणि तिने हात साच्यात घातला.

हे ती नेहमी करायची. शेठकडे सकाळी पाहुणे आले की त्यांना दाखवायची, हात आत घालून पायडल दाबायची, ठोकळा गचका देऊन वरच थांबायचा आणि पाहुणे तोंडात बोटं घालायचे. वाल्मीक किंचाळला, "अक्का, नको!" बाकीच्या प्रेसांच्या गोंगाटात ते बुडून गेलं. त्याचे हललेले ओठ बघून ती हसली. तिचा पाय उचलला गेला.

तो मधे कसा पोचला ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. त्याने तिचा कोपर धरून जिवाच्या आकांताने मागे ओढला. तोवर तिचा पाय पायडलवर पडलाच होता. स्टूल उलटलं, दोघं जमिनीवर पडली. तिच्या बोटांचं फडकं सुटून साच्यातच राहिलं, प्रकाशाचा डोळा झाकून, तरी ठोकळा न थबकता थेट खाली आला. धाड! त्यानंतर, सगळं होऊन गेल्यावर, ब्रेकने आपला गचका दिला.

तोतारामनानांनी मेन स्विच ओढला. एकेक करून सगळ्या प्रेस थंड झाल्या. साच्यात फडक्याचं झाकण झालं होतं, गोल, कडा वळलेलं. बाया जमल्या. अक्का जमिनीवर बसून आपल्या उजव्या हाताकडे बघत होती, उलटा करून, सुलटा करून.

वाल्मीकने उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं. बटण बंद झालं की माझा प्रोग्राम उशीर करतो. ते मला आज कळलं. रोज दुपारी तुमचे हात असेच ठोकळ्याखाली होते.

रतिलाल शेठ केबिनमधून धावत आले. ऐकून घेतलं, घाम पुसला, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "म्हणजे दोष बटणाचा! ते दाबून वर पट्टी चिकटवून टाका ना. टर्बो चालू असला की आकडा बरोबर आहे की नाही? मग झालं तर! चला, मेन चालू करा, संध्याकाळी ट्रक भरायचाय." त्यांनी स्वतःच जाऊन बटण दाबलं. लाल दिवा लागला.

बाया जागच्या हलल्या नाहीत. सगळ्या अक्काकडे बघत होत्या.

अक्का उठली. तिने स्टूल सरळ केलं, पण बसली नाही. "शेठ काय म्हणस ते ऱ्हाऊ दे," ती वाल्मीकला म्हणाली. "तू सांग. टाकू का हात?"

वाल्मीकने तोंड उघडलं. आकडा त्याला पाठ होता. टर्बो चालू असताना तो आकडा खराच होता, त्याने हजार वेळा तपासला होता. हो म्हणायला काहीच हरकत नव्हती. पण काल कोणी विचारलं असतं तरी तो हेच म्हणाला असता, इतक्याच खात्रीने. बटणाचं त्याला माहीत नव्हतं. अजून काय काय माहीत नसेल? व्होल्टेज पडलं तर? डोळ्यावर तेलाचा थर बसला तर?

"नको, अक्का," तो म्हणाला.

"नको?"

"नको. मला नाही सांगता येत."

शेठ काहीतरी ओरडत होते. अक्काला ते ऐकू येत नसावं. ती आपल्या भावाकडे बघत राहिली. तो लहान असल्यापासून त्याला ओळखणाऱ्या त्या डोळ्यांत आता नुसती भीती होती.

"पण वाल्मीक," ती जमलेल्या सगळ्या बायांवरून नजर फिरवून अगदी हळू म्हणाली, "बठ्ठ्या बायासले मी तुनं नाव लिसनच सांगं ना रे."