लिंबावरचं निळं फुलपाखरू

लग्नाला तीन वर्षं झाली, पण शामकांत मास्तर प्रेमलाजवळ असे मांडी घालून कधी बसले नव्हते. एकाहत्तर सालचा भाद्रपद. मास्तर राजूरच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. परसातल्या कागदी लिंबावर एक हिरवा कोष लटकला होता आणि प्रेमला अकरा दिवस त्याच्यावर डोळा ठेवून होती. रविवारी सकाळी तो उकलला, तशी ती दारातूनच ओरडली,

"अहो, लवकर या! बाहेर येतंय!"

मास्तर दाढीचा साबण तसाच ठेवून आले. फुलपाखराचे पंख ओल्या चिंधीसारखे लोंबत होते. बघता बघता ते ताठ झाले, काळ्या मखमलीवर निळाई पसरली, मुळाशी तांबडे ठिपके उमटले.

"ती सोंड बघ. कशी गुंडाळून घेतंय." मास्तर तिच्या खांद्याशी वाकून दाखवत होते.

प्रेमलाने बोट पुढे केलं.

"अंहं, हात नको लावू. पंखांवरची भुकटी जाईल."

किती जपतात, असं तिला वाटलं. तासभर दोघं तिथेच बसले. चहाचं आधण आटून गेलं तरी ती उठली नाही.

पंख पुरते वाळले. मास्तरांनी अलगद फुलपाखरू उचललं, त्याची छाती चिमटीत धरली आणि दाबली. पाय दोनदा हलले, मग राहिले.

"अहो!"

"असं मारलं की पंख शाबूत राहतात. नगरच्या प्रदर्शनात असा नमुना कुणाकडे नसेल. टाचणी आण."

ती जागची हलली नाही.

"ऐकू येत नाही? आण म्हटलं ना! आणि रडायला काय झालं? किडाच तो."

तिने टाचणी आणली. पुठ्ठाही तिलाच धरायला लावला. टाचणी आत जाताना पुठ्ठ्यामागून तिच्या बोटाला टोचली.

"झाडावर अजून अळ्या आहेत का गं?"

"नाहीत," ती म्हणाली.

मास्तर हात धुवायला गेले. लिंबाच्या खालच्या फांदीवर चार अळ्या होत्या. प्रेमलाने त्या पानांसकट खुडल्या आणि कुंपणापलीकडे शेजारच्या लंकाबाईच्या कोंबड्यांपुढे टाकल्या.

"काय टाकलं, बाई?" लंकाबाईने विचारलं.

"कीड पडलीय लिंबाला."

शेवटची अळी संपेपर्यंत ती कुंपणाशी उभी राहिली.