शुक्रवारचे पावणेसहा

मी एक जुनं लंबकाचं घड्याळ आहे, मित्रांनो, आणि एके काळी मी फार तोऱ्यात असे. तोरा का नसावा? नागपुरात रेल्वेत गार्ड असलेले मोशेराव घोसाळकर दर गुरुवारी मला स्वतःच्या हातानं किल्ली देत. दुसऱ्या कुणाला ते मला शिवूही देत नसत.

घोसाळकर बेने इस्राएली, म्हणजे ज्यू. शुक्रवारी सूर्य बुडण्याआधी दिवा लावायचा, की शब्बाथ लागला. मग शनिवारी तारे दिसेपर्यंत काम नाही, काडी ओढायची नाही, विजेचं बटणही दाबायचं नाही. बायको गेल्यापासून मोशेराव स्वतःच दिवा लावत आणि मुलीच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देत. दिव्याची वेळ मुंबईच्या छापील कॅलेंडरातली, काटे माझे.

१९७१ साली ही मुलगी, सिफोरा, शहराच्या सदर भागातल्या एका कचेरीत टायपिस्ट झाली. शनिवारऐवजी ती रविवारी कामाला जाई. पण हिवाळ्यात शुक्रवारी बस चुकायची, पाच-दहा मिनिटं उशीर व्हायचा. मग मोशेराव आशीर्वाद देत नसत.

"वेळ म्हणजे वेळ," ते एकदा म्हणाले. "आता उशीर झाला, तर नोकरी बंद."

तिला ती नोकरी जिवापाड आवडे. ती मान खाली घालून उभी राहिली आणि मी मजेत टिकटिकत होतो. आज त्याची लाज वाटते.

पुढचा शुक्रवार डिसेंबरातला. कॅलेंडरात दिव्याची वेळ पावणेसहा, तिला दोन मिनिटं कमी. सिफोराचा पत्ता नाही. मोशेरावांनी काडीपेटी उचलली, तोच शेजारच्या रुख्मिणीबाई वाटी परत द्यायला आल्या.

"काहून जी भाऊ, दिवा आता लावून राहिले? दिवस त बुडला! माही सांजवात बी झाली."

मोशेराव अंगणात गेले. पश्चिमेला नुसती लाली उरली होती. मुंबईचा सूर्य नागपूरच्या सूर्यामागून अर्ध्या तासानं मावळतो. रेल्वेत सगळीकडे एकच वेळ चालते, म्हणून या गार्डाला ते कधी सुचलंच नव्हतं! हिवाळ्यामागून हिवाळे त्यांनी शब्बाथ लागल्यावर काडी ओढली होती. त्यांनी काडीपेटी खाली ठेवली.

सिफोरा धापा टाकत आली. घरात अंधार. ती दारातच थबकली.

"बाबा, बस चुकली. पण नोकरी..."

"ये बेटा," मोशेराव म्हणाले. "उशीर मलाच झाला. तुझी आई गेल्यापासून, तेरा वर्षं." आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

नोकरी राहिली. आता दिवा नागपूरचा सूर्य बघून लागतो. आशीर्वाद मात्र सिफोरा येईपर्यंत थांबतो.

मित्रांनो, मला किल्ली द्या, माझी धूळ पुसा. पण आपलं माणूस दारात उशिरा आलं, तर आधी माझ्याकडे बघू नका, त्याच्याकडे बघा.