खडकाला वळसा घालून गेलेली लाइन

"पोर आजारी पडली ती बाहेरचं काहीबाही खाऊन! माझ्या घरच्या पाण्याला नाव ठेवायचं नाही, सांगून ठेवते."

"आई, कावीळ झालीय तिला. मंजुनाथ प्लंबरनं गटाराचं चेंबर उघडून दाखवलं ना तुला?"

"दाखवलं की. गटार घाण असतं, त्यात नवल ते काय?"

सकाळपासून हे चाललंय. आणि जिच्यावरून चाललंय ती मी, राजाजीनगरच्या या घरातली पाण्याची लाइन बोलतेय. रस्त्यावरच्या मीटरपासून अंगणातल्या संपपर्यंत, म्हणजे खालच्या टाकीपर्यंत, जमिनीखालून, आणि तिथून भिंतीभिंतीतून न्हाणीघरात, स्वयंपाकघरात, गच्चीवर, सगळीकडे मीच. भांडतेय ती घरची मालकीण भागुबाई. समोर तिचा मुलगा मकरंद. त्याची सात वर्षांची वीणा दवाखान्यात आहे, उद्या घरी यायचीय. आणि कावेरीचं पाणी दिवसाआड येतं, तेही उद्याच.

आडपडदा कशाला ठेवू? पोर माझ्यामुळेच आजारी पडली.

चेंबरच्या शेजारी मला भोकं पडलीत. पाणी चालू असतं तेव्हा ते बाहेर गळतं. बंद झालं की मी रिकामी होते आणि बाहेरची घाण आत ओढते. पुढच्या पाण्याबरोबर ती संपमध्ये, टाकीत, नळात. स्वयंपाकघरात फिल्टर आहे, पण दात घासताना वीणा बेसिनचं पाणी गटागटा पिते. कोण बघतंय?

मी गप्प बसले नाही हो. मोटर बंद होताना भिंतीत धडाधडा आपटते, तांबडं पाणी ओकते. माणसं काय करतात? नळाला फडकं बांधतात, बादलीभर सोडून देतात आणि म्हणतात, आलं बघ स्वच्छ. डोळ्यांना स्वच्छ दिसलं की यांचं भागतं.

चाळीस वर्षांपूर्वी मी या प्लॉटवर आले तेव्हा जस्ताच्या मुलाम्यानं नुसती लखलखत होते. प्लंबरनं दोन दिवस खणलं. खाली खडक. पहार टाकून गेला तो परत आलाच नाही. भागुबाईचा नवरा चंद्रकांतराव सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन, नकाशे काढणारा. त्यांनी कागदावर रेघ सरळ ओढली होती. खडकाला कुठं वाचता येतंय!

भागुबाई निपाणीकडची, चौथीपर्यंत शिकलेली. ते दोन दिवस ती प्लंबरच्या हातांकडे बघत बसली होती, तेवढीच तिची शाळा. नवरा ड्यूटीवर गेला की पदर खोचायची. पहारीनं जमीन ठोकून ठोकून तिनं खडकाच्या कडेनं मऊ मातीची वाट शोधली. मला कापलं, आटे पाडले, सांधे गळू नयेत म्हणून सफेदा लावून सूत गुंडाळलं, पाना मारताना तळहात सोलून घेतले. पहिलं पाणी आलं तेव्हा भिंतीला कान लावून उभी राहिली.

शेजारी बघायला आले. चंद्रकांतराव म्हणाले, "मीच टाकली लाइन." भागुबाईनं सगळ्यांना कॉफी दिली. चारचौघांत नवऱ्याला खाली पाहायला लावायचं नव्हतं तिला. ते वारले, तरी मी अजून त्यांचीच लाइन. म्हणून मकरंदला वाटतं, लाइन खराब झाली हे आई मानत नाही ती बाबांच्या आठवणीपोटी.

मंजुनाथ प्लंबर इथं येऊन येऊन मराठी शिकलाय. सकाळपासून त्यानं अंगणात तीन खड्डे घेतले, तिन्हींत खडक. "अम्मा, स्वल्प आठवा की. लाइन पोर्चच्या काँक्रीटखाली शिरते, पुढं दिसतच नाही. जुनी गेली त्याच वाटेनं नवी जाणार. बाकी सगळा खडकच."

"मला काय विचारतोस? मी चुलीपुढची बाई."

"एवढे हुशार बाबा," मकरंद वैतागला, "एक नकाशा ठेवून गेले नाहीत!"

भागुबाई पदरानं कोरडेच हात पुसत राहिली.

अगं बोल! चाळीस वर्षं तुझा एक सांधा सुटला नाही. भोकं पडली ती माझ्या लोखंडाला, तुझ्या हाताला नव्हे. उद्या पाणी आलं की मी पुन्हा तीच घाण आत नेईन, मला थांबता येत नाही. थांबवणारी तू एकटी. उपट मला, भंगारात जाऊ दे. या जन्मात तुझ्याकडे एवढंच मागते. जीव तोडून सांगतेय मी, आणि भिंतीबाहेर माझा हूं का चूं पोचत नाही.

भागुबाईचा फोन वाजला. सून यशश्री दवाखान्यातून बोलत होती. स्पीकरवर सगळ्यांना ऐकू आलं. "आई, घरातलं पाणी नीट झालं का, विचारताहेत डॉक्टर. नसेल तर पोरीला घरी नेऊ नका म्हणतात. काय सांगू मी?"

भागुबाईनं त्या तीन खड्ड्यांकडे बघितलं. फोन मकरंदच्या हातात दिला, पोर्च ओलांडून जिन्याखाली गेली आणि कोपऱ्यातल्या फरशीवर पाय रोवून उभी राहिली.

"तुझ्या बाबांनी नाही, मी टाकलीय ही लाइन, आणि खडकाला वळसा इथं घातलाय मी, फोड मंजुनाथ, ही फरशी."