बाबांचा नकार

पेनाचे टोपण न लावताच त्याने ते टेबलावर ठेवले आणि समोरच्या भिंतीवरून उतरत येणारे ऊन पाहत बसला. आधी ते खिडकीच्या चौकटीपाशीच रेंगाळले होते, पाण्यात थेंबभर दूध पडावे इतके फिकट. मग पुस्तकांच्या कपाटावर आले आणि काचेवर उमटलेले बोटांचे ठसे उजळून गेले. खुर्चीच्या पाठीवर बाबांचा इस्त्री केलेला पांढरा झगा होता. त्याच्या एकेका घडीत ऊन थोडे थोडे थांबले. शेवटी टेबलावर येऊन ते पसरले. उष्ट्या कपाला जेवढे मिळाले, तेवढेच पवित्र शास्त्राच्या पानांच्या सोनेरी कडेला. हे भाषणात घालण्याजोगे आहे, असे त्याच्या मनात आले आणि लगेच त्याला स्वतःची शिसारी आली.

राष्ट्राचा स्थापनादिन यंदा रविवारी आला होता. उपासनेनंतर मंडळीपुढे तो बोलणार होता: देशाची घटना आणि पवित्र शास्त्र. महाविद्यालयात तो राज्यशास्त्र शिकवत असे, आणि प्रार्थनामंदिराच्या पाळकांचा मुलगा म्हणून शास्त्र त्याला बोलता येऊ लागल्यापासून ठाऊक होते. त्यामुळे हे काम आपसूकच त्याच्या गळ्यात पडले होते.

दाढीचा साबण कानामागे तसाच राहिलेले बाबा आत आले. त्यांनी उभ्या उभ्याच कागद वाचायला घेतले.

"वक्तेसाहेब, आपली मंडळी लाकडी बाकांवर बसते. जरा त्यांच्या पाठीचाही विचार करा."

तो कसनुसा हसला. बाबा वाचत राहिले. राष्ट्र उभारणाऱ्यांनी जन्माने कोणी उच्च नाही असे लिहिले. शास्त्राने त्याच्या कितीतरी आधी सगळ्यांना एकाच मातीचे ठरवले. पहिले वचन माणसांनी एकमेकांना दिले, दुसरे त्यांना न मागता मिळाले, असा त्याचा मुद्दा होता. बाबांनी मान डोलावली. पण मोठा फरक राहूनच गेला, असे त्यांचे म्हणणे पडले.

"कायद्यापुढे आरोपीला गप्प बसता येतं. तो त्याचा हक्कच आहे, आणि असायलाच हवा. पण शास्त्रात त्या मातीच्या माणसाला देवाची हाक येते, तू कुठं आहेस? तो झाडाआड लपतो. सापडल्यावर दुसऱ्याकडे बोट दाखवतो. ते नाही लिहिलंस तू."

"ते विषयाला धरून नाही, बाबा."

"नसेल," म्हणून बाबांनी झगा उचलला. दारात ते थबकले. ऑर्गन वाजवणारी पोर परगावच्या शाळेत संगीत शिकवायला चालली आहे, आज तिची शेवटची उपासना, हे त्याला ठाऊक आहे का, असे त्यांनी विचारले. पूर्वी सरावानंतर हक्काने चहाला येणारी मुलगी हल्ली दारातूनच नमस्कार करून जाते. आपल्या हातून काय चुकले, हे त्यांना समजत नव्हते.

"तुला काही बोलली का रे?"

त्याने पेनाला टोपण लावले, काढले, पुन्हा लावले. नाही, म्हणाला.

ती कबरी खोदणाऱ्याची मुलगी. मंडळीत तिच्या घरच्यांचा बाक सगळ्यांत मागचा. तसा नियम कुणी केला नव्हता. पुढचे बाक नेहमीच भरलेले असत, इतकेच. वर्षभर तो तिच्यासोबत नदीकाठच्या रस्त्याने फिरला होता. गेल्या महिन्यात ती त्याला घरी घेऊन गेली. दाराशी फावडे टेकवलेले होते. तिच्या वडिलांनी अंगणातच पुढे येत दोन्ही हातांनी त्याचा हात धरला, आणि मग स्वतःच्या नखांतली माती पाहून ते ओशाळले. "हात धुवायचे राहिले, साहेब," म्हणाले. त्याने अगदी मनापासून हसून, काही हरकत नाही म्हटले होते. गल्लीच्या टोकाशी आल्यावर मात्र त्याने सार्वजनिक नळावर तो हात धुतला. बराच वेळ धुतला. मागे वळून पाहिले तेव्हा ती त्याची विसरलेली छत्री घेऊन उभी होती.

दुसऱ्या दिवशी त्याने तिला सांगितले की बाबा लग्नाला नाही म्हणतात. पाळकांना मंडळीचे मन सांभाळावे लागते, त्यांचे वय झाले आहे, त्यांना दुखावणे आपल्याच्याने होणार नाही. तिने एकही प्रश्न विचारला नाही. तेव्हापासून बाबांचा नकार तो स्वतःशीही इतक्यांदा बोलला होता की कधीकधी त्याला बाबांचा आवाजही ऐकू येई.

प्रार्थनामंदिरात बाक भरत होते. वेदीमागच्या खोलीत ती गीतांचे क्रमांक विचारायला आली. ते सांगून झाल्यावर बाबांनी चष्मा काढला.

"पोरी, जाण्याआधी एक सांग. माझं काय चुकलं?"

तो खिडकीपाशी आपले कागद नीट लावत होता. तिने एकदा त्याच्याकडे पाहिले. तो काहीतरी बोलेल म्हणून तिने वाट पाहिली असावी.

"तुमचं काही चुकलं नाही, पाळकसाहेब," ती म्हणाली. "तुमचा नकार मला कळला. मंडळीचं सगळं तुम्हालाच बघावं लागतं. माझ्या मनात राग नाही."

बाबांच्या हातातला चष्मा तसाच राहिला. त्यांनी तिच्याकडे पाहिले, मग मुलाकडे. तो मान खाली घालून एकावर एक ठेवलेल्या कागदांच्या कडा जुळवत होता, आणि त्या केव्हाच जुळल्या होत्या. बाबा सावकाश खुर्चीत बसले. बाहेर कुणाचे तरी मूल खिदळले आणि त्याला दटावल्याचा आवाज आला.

"मला क्षमा कर, मुली," बाबा म्हणाले. "तुझ्या वडिलांनाही सांग. मी त्यांच्याकडे येऊन बोलायला हवं होतं."

तिचे डोळे भरून आले. तिने वाकून त्यांचा हात क्षणभर कपाळाला लावला आणि ती ऑर्गनकडे गेली.

खोलीत दोघेच उरले. बाबांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला. ते आता रागावतील, असे त्याला वाटले. खरे तर त्याला तेच हवे होते. त्यांनी फक्त झग्याची बाही सारखी केली.

"चल. लोक खोळंबलेत."

उपासना झाली. त्याचे नाव पुकारले गेले. व्यासपीठावरून त्याला सगळे बाक दिसत होते; अगदी मागच्या बाकावर तिचे वडील मांडीवर हात ठेवून बसले होते. हात स्वच्छ घासलेले, लालसर. पहिल्या बाकावर बाबा चूक पकडल्या गेलेल्या मुलासारखे खाली पाहत होते. सगळ्या मंडळीत अपराधी दिसणारा माणूस तेवढा एकच होता.

त्याने पहिला कागद समोर धरला. एकाच मातीचे, असे त्यावर त्याच्या वळणदार अक्षरात लिहिलेले होते. ते त्याने मनातल्या मनात पुन्हा एकदा वाचले. कुणीतरी खाकरले. ऑर्गनपाशी ती पाठमोरी बसून होती.

बाबांना त्याने कधी विचारलेच नव्हते.