रिकाम्या खोलीतील दिवा

परीक्षकाचा एक नेम होता: कोणतेही ऊर्जायंत्र तपासताना खोली प्रथम रिकामी करावयाची. मनुष्याचा देह ही एक मंद शेगडीच. ती आत राहिली, तर मापन खोटे पडते. आजचे यंत्र थोरल्या बहिणीच्या यजमानांचे होते, तरी नेम मोडणार नव्हता.

"दाजी, चला बाहेर. ताई, तूही."

"मेहुण्यांचा आमच्यावर भरवसा नाही वाटतं!" दाजी हसले.

खोलीतील हवेच्या उष्णतेतून वीज काढणारे हे यंत्र म्हणजे त्यांची वीस वर्षांची तपश्चर्या. मेजावर ते निःशब्द चालत होते; ना भिंतीला तार, ना आत बॅटरी, तरी जोडलेला दिवा शांत तेवत होता. परीक्षकाची सही झाली, की तशी यंत्रे घरोघरी जाणार होती.

यंत्राला खेटून शाल लपेटून बसलेली ताई मात्र उठेना. "मी उठले की रुसतो रे हा दिवा. सवय लागलीय त्याला माझी."

त्याने हात देऊन तिला उठवले आणि तो चरकला. भर दुपारी तिचा तळवा दगडासारखा गार होता. त्याने तापमापक तिच्या मुठीत ठेवला. पारा उतरत उतरत खोलीच्या तापमानाच्याही खाली गेला. जिवंत देहाचा पारा असा उतरलेला त्याने आयुष्यात पाहिला नव्हता.

मागे दिवा मंदावला.

"दाजी, हे हवेवर नाही चालत. ताईच्या उबेवर चालतंय."

"काहीतरीच! अरे, रिकाम्या खोलीत शंभरदा चालवलंय मी."

ताईने मान खाली घातली. "मला कळलं होतं. पण इतक्या वर्षांत यांचं एवढं एकच चाललं रे. मोडता घालवेना माझ्याच्यानं."

"मी सही करणार नाही," एवढेच बोलून त्याने तिला अंगणातील उन्हात नेले. तिचे हात तो आपल्या हातांत चोळीत राहिला. कितीतरी वेळाने बोटांच्या टोकांवर किंचित लाली चढली, तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

इतक्यात खिडकीतून दिवा लख्ख उजळला, पूर्वी कधीही नव्हता इतका.

"बघा, परीक्षक!" आतून दाजींचा हर्षभरित स्वर आला. "खोलीत कोणी नाही, तरी चालतंय!"

"दाजी, तुम्ही आहात ना आत!" तो धावला.

"मी? मी तर नुसता बघतोय रे."

दार आतून बंद होते, आणि दाराची मूठ त्याच्या हाताला बर्फासारखी लागली.